आत्याची रजा

सोमवार

आत्या आल्यापासून आमच्या हॉलमधला टीव्ही साडेनऊला बंद होतो. तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. ती आपली प्रार्थनेचं जाड पुस्तक घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसते आणि पप्पा मुकाट्यानं रिमोट शोधायला लागतात. एरवी हेच पप्पा रात्री अकरापर्यंत बातम्यांमधल्या भांडणात स्वतः भाग घेतात.

आत्या सिस्टर आहे, म्हणजे कॅथलिक संन्यासिनी. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या गावातून ती सिस्टरांच्या संस्थेत गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. नर्सिंग केलं, मराठवाड्यात बरीच वर्षं काढली आणि पन्नाशीच्या आसपास टांझानिया. डोडोमा शहरापासून आत, कोरड्या मुलखातलं एक खेडं. तिथं पाच सिस्टर आणि त्यांचा दवाखाना. तिच्या संस्थेत परदेशातल्या मिशनवर असलेल्या सिस्टरांना तीन वर्षांनी घरी यायला रजा मिळते. गावचं घर आता बंदच असतं, म्हणून या वेळची रजा वडगाव शेरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये. चर्चमध्ये सगळे तिला हात जोडून 'सिस्टर, जय ख्रिस्त' म्हणतात आणि मी मधूनच 'ए आत्या, छत्री कुठं ठेवलीस?' म्हणून ओरडते. आजूबाजूच्या बायकांना ते खपत नाही. तिला खपतं.

बुधवार

तिच्या मिशनमध्ये पहाटे पावणेपाचला घंटा होते. आपल्यात आणि त्यांच्यात अडीच तासांचा फरक, आपण पुढे. म्हणजे आल्या आल्या तिचं अंग तिकडच्या वेळेवर असताना तिनं सव्वासातपर्यंत झोपायला हवं होतं. पण नाही, पहिल्या दिवसापासून पुण्याच्या पावणेपाचलाच उठली. शरीराला रात्रीचे सव्वादोन वाटत असणार. मी म्हटलं, रजेवर आहेस ना? तर म्हणाली, रजा कामाची असते गं.

तिकडचा दिवस तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितला. सकाळची प्रार्थना, अर्धा तास ध्यान, मग मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना. मिस्सा रोज मिळतेच असं नाही. फादरांकडे आसपासच्या बऱ्याच वस्त्या असतात, ते ज्या दिवशी दुसरीकडे जातात त्या दिवशी सिस्टरच शास्त्रवाचन करून कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, देतात. नाश्त्याला उजी, म्हणजे पिठाची पातळ पेज. आठला दवाखाना उघडतो. गरोदर बायका, तापाची पोरं, मलेरियाच्या बोटातून रक्त घेऊन करायच्या चाचण्या, जखमा. बाराला देवदूताची प्रार्थना, ती ज्याची त्यानं असेल तिथं उभं राहून म्हणायची. हातात सुई असेल तर सुई ठेवून. संध्याकाळी पुन्हा चॅपल, रोझरी, जेवण, अर्धा तास गप्पा, रात्रीची प्रार्थना आणि मग सकाळपर्यंत मौन.

'इतकी वर्षं तीच स्तोत्रं. कंटाळा नाही येत?'

'येतो की. चार आठवड्यांचं चक्र असतं, पाचव्या आठवड्यात पुन्हा पहिला. काही दिवस तर पुस्तक उघडायच्या आधी पाठ असतात.'

मला वाटलं होतं, आता ती म्हणेल की प्रत्येक वेळी नवा अर्थ सापडतो. तसलं काही बोलली नाही. मन भरून येतं ते वर्षातून एखाद्या वेळी, म्हणाली, आणि तेही भलत्याच वेळी, गोळ्या मोजताना वगैरे. चॅपलमध्ये बहुतेक दिवस नुसतं हजर राहायचं. माठाच्या काड्या सोलत सोलत हे सांगितलं, जसं काही रेशनच्या रांगेबद्दल बोलतेय. आमच्या प्रवचनांमध्ये श्रद्धा म्हणजे सतत आतून उजळलेलं काहीतरी असतं. त्यापेक्षा मला हे पटण्यासारखं वाटतं.

गुरुवार

आज घड्याळाचा किस्सा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सात वाजता तिथं पहिला तास, आठला दुसरा. गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं एका बाईला 'साआ म्बिली'ला, दुसऱ्या तासाला ये म्हणून सांगितलं. हिच्या डोक्यात दुपारचे दोन. बाई तान्हं पोर घेऊन सकाळी आठला हजर आणि ही त्या दिवशी लसी आणायला डोडोमाला गेलेली.

मग ती म्हणाली, आपली प्रार्थनाही मुळात याच घड्याळावरची आहे. तिसऱ्या तासाची, सहाव्या तासाची, नवव्या तासाची. आपल्या हिशेबानं नऊ, बारा आणि तीन. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात अकराव्या तासाला कामावर आलेले मजूर म्हणजे संध्याकाळी पाचला आलेले. येशूनं प्राण सोडला तो नववा तास, आपले दुपारचे तीन. पुण्यात शुभ शुक्रवारी फादरांना हे समजावून सांगावं लागतं. तिकडं नववा तास म्हटलं की शाळेतलं पोरही उन्हाकडे बघतं आणि ओळखतं.

डोडोमाला द्राक्षं पिकतात, हेही मला आजच कळलं. पप्पा लगेच विचारायला लागले, कुठली जात, छाटणी कधी करतात. आत्याला काहीच सांगता आलं नाही. ज्वारी-बाजरीचं मात्र तिला सगळं माहीत. तिथले गोगो लोक दोन्ही पिकवतात, म्हणून ती भाकरी करू शकते. बाकीच्या सिस्टर मक्याचा उगाली, म्हणजे घट्ट उकड, खातात, सोबत म्चिचा, म्हणजे आपला माठच. गोगो बायका मिस्सेत ढोल वाजवतात, दोन पायांत धरून, आणि असा वाजवतात की पहिल्या रविवारी आत्या उत्तरं द्यायची विसरली.

शनिवार

कॅम्पात गेलो होतो. तिला कयानी बेकरीची बिस्किटं हवी होती, मला तिला जरा फिरवायचं होतं. पाऊस थांबून थांबून. जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी ती थोडी थांबली. ही शाळा 1860 ची. ज्या संस्थेची, ती क्लॉडिन थेवने यांनी 1818 मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात सुरू केलेली, आणि तिच्या सिस्टर 1842 मध्ये आग्र्याला आल्या. त्या बायका बोटीत बसल्या तेव्हा परत घर बघायचं नाही हे जवळपास ठरलेलंच असे. रजा बिजा काही नाही. आई गेली तर पत्र, तेही महिन्यांनी.

हे नियम सैल झाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. परिषद 1962 ते 1965 चालली, आणि तिनं धर्मसंस्थांना सांगितलं की आपापले नियम पुन्हा तपासा, काळाला धरून बदला. आत्या त्या बदलाच्या पुढच्या पिढीतली. तरीही आजी गेली तेव्हा ती वेळेत पोचू शकली नाही. खेड्यातून डोडोमा, तिथून दार-एस-सलाम, तिकीट, हे सगळं होईपर्यंत इथं माती झाली होती. मी फोन धरून उभी होते, तिकडं नेटवर्क जाऊन-येऊन. पप्पांनी अजून त्याबद्दल संस्थेला माफ केलेलं नाही. आत्याला केलंय.

शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या बाजूनं परत आलो. आत्या शिकाऊ असताना तिथं काही दिवस प्रार्थनेसाठी राहिली होती. मुळात अँग्लिकनांची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चवाल्यांची जागा, 1972 मध्ये तिथं बायकांचा एकत्रित आश्रम सुरू झाला, कॅथलिक सिस्टर आणि अँग्लिकन सिस्टर मिळून. ब्रिटनमधून आलेल्या सारा ग्रँट तिथं राहत. कॅथलिक सिस्टर, आणि अभ्यास शंकराचार्यांचा. प्रार्थनेला बायबलसोबत उपनिषदंही वाचली जात. गावाकडून आलेल्या आत्याला ते तेव्हा अजिबात झेपलं नव्हतं. 'आपल्याला बायबलच अजून पुरतं कळलेलं नाही, आणि ही गोरी बाई संस्कृत कशाला वाचतेय, असं वाटायचं. स्वाहिली शिकायला लागले तेव्हा कळलं कशाला.' तिला स्वाहिली शिकवली ती दवाखान्याच्या राखणदाराच्या मुलीनं. सहावी-सातवीतली पोर, चुकलं की पोट धरून हसायची.

ऑक्टोबरात आपल्याकडे मिशन रविवार असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी लावलेल्या पोस्टरवर डोळे मोठे केलेलं एक हाडकुळं आफ्रिकन मूल असतं. मला ती पोस्टर सहन होत नाहीत. आत्याच्या फोनमधले फोटो बघितल्यापासून तर नाहीच. त्यात शिलाई मशिनवर बसलेली बाई आहे, फुटबॉलवरून भांडणारी पोरं आहेत, आणि एका लग्नात नाचणारी आत्या आहे, जो फोटो पप्पांना दाखवायचा नाही असं ठरलंय.

रविवार

व्रतं तीन. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. लोकांना कुतूहल मधल्याचंच. मिस्सेनंतर चहा घेताना एका काकूंनी आडून आडून विचारलंच. आत्याचं म्हणणं, ते एकदा विशी-तिशीत निस्तरलं की निस्तरलं. तिसरं मात्र म्हातारपणापर्यंत छळतं. टांझानियाचं पत्र आलं तेव्हा तिला जायचं नव्हतं. बीडकडच्या बायकांत ती रुजली होती, गुडघे दुखायला लागले होते. तीन दिवस ती त्या पत्रावर झोपली आणि मग हो म्हणाली. का, तर शब्द दिला होता. मला हे आवडत नाही आणि मी तिला तसं सांगितलं. एवढ्या अनुभवी नर्सला न विचारता कुठंही पाठवायचं हा काय प्रकार? ती म्हणाली, आता विचारतात. तेव्हाही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि ढोल ऐकायचा राहिला असता.

खरं कठीण काय, हे तिनं दुपारी झोपायच्या आधी सांगितलं. जेवणाचं टेबल. पाच जणी: एक केरळची, एक झारखंडची, दोघी तिथल्याच, आणि ही. कुणी कुणाला निवडलेलं नाही. केरळच्या सिस्टरला खोबरेल तेलाशिवाय चालत नाही, ते तिथं महाग. तरुण टांझानियन सिस्टरला वाटतं या म्हाताऱ्या भारतीय बायका सारख्या हिशेब लिहितात. रोजचा अर्धा तास गप्पांचा, तो चुकवायचा नाही, रुसलेलं असलं तरी. 'दवाखान्यात चिडचिड झाली तर पेशंट संध्याकाळी घरी जातो. सिस्टर कुठं जाणार? रात्रीच्या प्रार्थनेला ती समोरच उभी. दिवसाच्या चुका आठवायच्या त्या शांततेत तिचंच तोंड दिसतं.' रविवारी ती सगळ्यांसाठी भाकरी थापते. दोघी खातात, तिघी थोडी चाखतात. तेवढ्यावर तिचं समाधान आहे.

पप्पांनी आज विचारलं, म्हातारपणी इकडं येशील ना? कबर कुठं? ती म्हणाली, जिथं मरेन तिथं. पप्पा उठून गॅलरीत गेले. संध्याकाळी मात्र दोघं बहीण-भाऊ हरिगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेच्या गोष्टी सांगत बसले होते, बैलगाडीत कोण कुणावर ओकलं वगैरे.

मंगळवार

दारिद्र्याचं व्रत मला पैशांमुळे कळलं. मागच्या रजेत मी तिला भारीतला लोकरीचा स्वेटर दिला होता, डोडोमाला जून-जुलैत रात्री गार असतात म्हणून. सहा महिन्यांनी फोटोत तो झारखंडच्या सिस्टरच्या अंगावर. मला राग आला होता. पाकिटात घालून पैसे दिले, ते घरच्या सामायिक पेटीत. सिस्टरचं स्वतःचं असं खातं नसतं, पगार असला तर तोही संस्थेचा, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपण निवडलेला रंग दुसरीच्या गळ्यात बघणं वेगळं. या वेळी सरळ विचारलं, तुमच्या घराला काय हवंय?

'कुकरची रिंग.'

बाकी काही नाही. कुकर इथूनच नेलेला, रिंग सैल झालीये, राजमा शिजायला दोन तास आणि कोळसा जातो. आज ऑफिसमधून अर्धा दिवस घेऊन रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांत गेले. दुकानदार म्हणाला, ताई, कंपनी कुठली, लिटर किती, झाकण आतलं की बाहेरचं? आत्याला आतलं-बाहेरचं आठवेना. म्हणून तिथूनच मिशनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारची जेवणं आटोपत होती. केरळच्या सिस्टरनं कुकर उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरला, मागून दोघी जणी हसत होत्या, आणि दुकानदार मान वाकडी करून बुडावरचा नंबर वाचायला लागला. 'पाच लिटर, आतलं झाकण,' तो म्हणाला, 'शिट्टी पण बदला म्हणावं त्यांना, ती गेलेली दिसतेय.' मी चार रिंगा घेतल्या आणि दोन शिट्ट्या. बिल पाहून आत्या म्हणाली, एक शिट्टी परत कर.