रंग फक्त कमरेपर्यंत

नव्या रंगाचा वास मला एरवी आवडतो. त्या घरात मात्र तो फक्त खालच्या बाजूने येत होता. भिंतीचा वरचा भाग जुना, मळका पिवळा आणि कमरेखाली ताजा, गुळगुळीत पट्टा. घरमालक काका म्हणाले, "मुलांनी हात लावून खराब केलं होतं." असेल. पण कपाटामागे मुलांचे हात कसे पोचले?

जुनं घर घ्यायचं म्हणून आम्ही पाच-सहा घरं पाहिली, आणि माझी नजर हळूहळू छताकडून जमिनीकडे वळली. गळकं छप्पर कुणालाही दिसतं. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते, आणि तिथेच पांढरा लोणा फुटतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हेच क्षार पुढे हवेतला दमटपणा ओढून घेतात, म्हणून मूळ ओल थांबली तरी भिंत पावसाळ्यात पुन्हा ओलसर दिसते. ओल मोजायच्या यंत्राचा आकडाही या क्षारांमुळे फुगतो. ते यंत्र मी लाकडासाठीच वापरलं. चौकटीत २० टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहत असेल तर लाकूड कुजायची भीती असते.

भिंतीसाठी माझा उपाय फुकटातला. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवायचा आणि दोन दिवसांनी बघायचा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवा कोंडलेली आहे, खिडक्या उघडून बऱ्यापैकी भागतं. भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. (दोन दिवस प्लॅस्टिक लावू देणारा मालक मिळणं हीच मोठी परीक्षा.)

त्या रंगवलेल्या घराची गोष्ट वेगळीच निघाली. मुसळधार पावसात मी न सांगता गेले आणि आत न जाता शेजारच्या ओट्यावर उभी राहिले. शेजारच्या आजींनी विचारलं, "घर बघायला आलीस का गं?" आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या वर, आडवी, सरळ रेघ. ओल अशी रेघ मारत नाही, तिची कड वाकडीतिकडी असते. आडवी रेघ साचलेल्या पाण्याची.

मग बाकीचं आपोआप जुळलं. बिजागऱ्या खालच्या तेवढ्या गंजलेल्या. प्लगचे बोर्ड छातीच्या उंचीवर हलवलेले. मीटरच्या पेटीच्या तळाशी वाळलेला गाळ. गवंड्याकडून पाण्याची लेव्हल ट्यूब आणून बघितलं, तर जोतं रस्त्यापेक्षा चार बोटं खाली. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि घर होतं तिथेच राहिलं. नदी लांब आहे, हे काकांचं म्हणणं खरंच होतं. पण गटार तुंबलं की पाणी न्हाणीघराच्या जाळीतून उलटं वर येतं, त्याला नदी लागत नाही.

नवरा म्हणाला, "असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो." त्या शब्दांनी माणूस उगाच निर्धास्त होतो. त्यांचा अर्थ एवढाच, की दरवर्षी शक्यता १ टक्का. ३० वर्षं राहायचं तर एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि इथे तर आजींच्या आठवणीत ते तीनदा आलं होतं.

शेवटी घेतलं ते सगळ्यांनी नाक मुरडलेलं, पोपडे सुटलेलं, कुबट घर. जोतं उंच, अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला. ओलीचं कारणही सापडलं होतं: फुटलेली पन्हळ, आणि चुन्यातल्या जुन्या भिंतीला कुणीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा. पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. तो गिलावा आता खरवडून काढलाय. गवंडी म्हणतो, इंचाला एक महिना धरा. भिंत दीड फुटाची आहे. तोवर कपाटं भिंतीपासून वीतभर लांब.