फातोर्ड्याच्या गॅलरीतली ड्युटी

प्रथमोपचार पथकातल्या नर्सला सामना दिसत नाही. आमची पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे असतं. म्हणून 20 मार्च 2022 ला मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर झालेली आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स ही फायनल मी जवळजवळ सगळी कानांनीच अनुभवली.

त्याआधी दोन हंगाम कोविडमुळे सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर खेळवली गेली होती. चेंडूला बसलेली लाथसुद्धा स्पष्ट ऐकू यायची. फायनलला प्रेक्षकांना परवानगी मिळाली आणि मडगावात केरळ लोटलं. कागदोपत्री यजमान हैदराबाद, त्यांची जर्सीही पिवळी, त्यामुळे ब्लास्टर्सना आपला पिवळा रंग सोडून काळ्या-निळ्यात उतरावं लागलं. गॅलरीनं मात्र पिवळा सोडला नाही. येताना कासरगोड जिल्ह्यात दुचाकीच्या अपघातात दोन तरुण चाहते गेल्याचं कळलं होतं. आम्ही सगळे त्या दिवशी जरा जास्तच सावध होतो.

आवाजाचं काय सांगू! चाहत्यांचा एक पुढारी गर्दीकडे तोंड करून उभा राहतो, हात वर करतो, ढोल थांबतात, हात खाली येतो आणि हजारो टाळ्या एकदम पडतात. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये वुवुझेला ही प्लास्टिकची लांब पिपाणी अखंड घोंघावत असे, त्याच वर्षी युरोपच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या स्पर्धांत तिला बंदी घातली. इथला आवाज तसा सपाट नव्हता. तो चढायचा, उतरायचा, मैदानावर काय चाललंय ते सांगायचा. मला तो मनापासून आवडतो. पण ढोलाच्या अगदी शेजारी बापाच्या खांद्यावर बसलेलं लेकरू दिसलं की माझा जीव खालीवर होतो. शंभर डेसिबलला पाव तासापलीकडे कान उघडे ठेवू नयेत असं आम्हाला शिकवलंय. फोमचे इअरप्लग मी पिशवीत ठेवतेच, दिसेल त्या मुलाच्या आईबापाला देते.

68 व्या मिनिटाला राहुल के. पी. नं गोल केला आणि पायाखालचं काँक्रीट हललं. त्यानंतर थोड्याच वेळात वरून हाका आल्या, “सिस्टर! सिस्टर!” साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दोन रांगांमध्ये कोसळले होते. घामानं निथळत होते, हात थंडगार. स्टेथोस्कोप लावला, पण ढोलाशिवाय काही ऐकू येईना. अशा वेळी बोटांवर भिस्त. मनगटाची नाडी धरायची, दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्यात हवा भरायची, नाडी गेली की आणखी थोडी भरून हळूहळू सोडायची. नाडी पुन्हा बोटाला लागते तो वरचा रक्तदाब. खालचा आकडा मिळत नाही, पण त्या घडीला वरचा पुरतो. 92 भरला.

रक्तातली साखर 54, म्हणजे फारच कमी. मुलगा रडवेला होऊन मोडक्या हिंदीत सांगू लागला, “सिस्टर, अच्छन को शुगर है, गोली सुबह लिया, खाना नहीं खाया.” अच्छन म्हणजे मल्याळममध्ये वडील. रात्रभराचा प्रवास, दुपारपासून रांगेत, पोटात काही नाही. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोजचं पाणी घोटघोट पाजलं. एवढ्यात त्या पुढाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि आमच्या बाजूचा अख्खा ब्लॉक गप्प झाला. बाकी स्टेडियम गर्जतच होतं. ढोलवाल्या पोरांनी ढोल खाली ठेवून जिन्यापर्यंत साखळी केली आणि स्ट्रेचर हातोहात खाली आलं. एवढी शिस्त मी पगारी स्वयंसेवकांतही क्वचित पाहिलीय.

वैद्यकीय कक्षात पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली, 96. डॉक्टरांनी बिस्किटं खायला लावली. तेवढ्यात वरून आवाज आला, पण वेगळा. आमच्या डोक्यावरचा ठोका चुकला आणि पलीकडच्या बाजूनं आरोळी उठली. काकांनी डोळे मिटले. “गोल,” एवढंच म्हणाले. 88 व्या मिनिटाला साहिल ताव्होरानं बरोबरी साधली होती. आमचा गोव्याचा पोर! मला आनंद झाला आणि समोरचा चेहरा बघून तो दाखवता येईना.

बरोबरी काही सुटली नाही. निकाल ठरवणाऱ्या पेनल्टी आम्ही कक्षातल्या लहानशा टीव्हीवर पाहिल्या. हैदराबादच्या गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच. त्यानं तीन अडवल्या. त्यातली निशू कुमारची पंचांनी पुन्हा घ्यायला लावली, तर ती दुसऱ्यांदाही अडवली. 3-1. ब्लास्टर्स 2014 आणि 2016 नंतर तिसऱ्यांदा फायनल हरले. मुलगा हुंदके देऊ लागला तेव्हा काकाच त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. सकाळी उपाशीपोटी साखर तपासा, गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं आणि दोघांना गाडीपर्यंत सोडून आले.

त्यानंतर रांग लागली ती बसलेल्या घशांची. कोमट पाणी प्या, दोन दिवस ओरडू नका, असं मी प्रत्येकाला बजावत होते. मान डोलावून ते बाहेर जात आणि फाटकाशी पोचेपर्यंत त्यांचं गाणं पुन्हा सुरू झालेलं असे.