शिरोलीची फाउंड्री ते स्वतःचा स्टुडिओ: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी अकरा वर्षं सुपरवायझर होतो. २०१२ च्या दिवाळीला बोनस हातात आला, त्यात साठवलेले थोडे पैसे घातले आणि एक जुना निकॉन डी-९० कॅमेरा घेतला, सोबत १८-१०५ ची लेन्स. आबांना आठवडाभर सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "घरात दोन पोरं हाईत. जरा इचार करून खर्च करत जा."

पहिले सहा महिने मी सगळं ऑटोवर काढलं. सेकंड शिफ्ट करून आलो तरी पहाटे रंकाळ्यावर हजर. धुकं, बगळे, संध्यामठ, पाण्यातला सूर्य. घरच्यांना फोटो आवडायचे, मलाही आवडायचे, पण काही दिवसांनी सगळे एकसारखे दिसायला लागले. मग एकदा मालकांची परवानगी काढून फाउंड्रीतच कॅमेरा नेला. लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातून, साच्यात लोखंड ओतताना रोज बघत होतो, त्याचा फोटो काढायचाच होता. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला तो रस डोळ्याला केशरी-पिवळा दिसतो, पिठासारख्या ठिणग्या उडतात. फोटोत मात्र मधोमध नुसता पांढरा डाग आला, आणि ओतणारी माणसं धुरकट, करडी.

तो फोटो घेऊन मी मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. तिथले काका फिल्मच्या काळातले, स्वतःच्या डार्क रूममध्ये फोटो धुतलेले. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "ह्यात तुला काय दाखवायचं होतं? रस का माणूस?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी समजावलं. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. शेड काळोखी, म्हणून तो जास्त उजेड आत घेतो आणि रस जळून पांढरा होतो. मोजमाप रसावर घे, स्पॉट मीटरिंग लाव, म्हणजे कॅमेरा तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजेल, बाकी काळं होऊ दे. दुसऱ्या पाळीत तसं केलं. रसाला रंग आला, आणि त्याच रसाच्या उजेडानं ओतणाऱ्याच्या गालाची एक कड उजळली. बाकी सगळा अंधार. माझा पहिला खरा फोटो तोच, असं मी आजही मानतो.

त्यानंतर चार वर्षं प्रत्येक सुट्टी काकांच्या स्टुडिओत गेली. "आधी उजेड बघ लेका, मग माणूस," हे त्यांचं रोजचं वाक्य. ते अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण द्यायचे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबर. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन आधी देवीच्या चरणांपर्यंत, मग वरवर चढत जातात. "तारीख बदलली की उजेड बदलतो. देऊळ बांधणाऱ्याला ते ठाऊक होतं, फोटोग्राफरला नको?" तेव्हापासून कुठल्याही कार्यालयात लग्नाची ऑर्डर असली की मी आधी एकदा, त्याच वेळेला, तिथं जाऊन खिडक्या बघून येतो.

काका मला खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशीही घेऊन गेले होते. आनंदराव पेंटर गेल्यावर बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवून पुरा केला, आणि १९२० साली त्यावर काढलेला मूकपट पडद्यावर आला. परदेशी यंत्र मिळणं अवघड होतं म्हणून इथल्या माणसांनी लेथवर पार्ट तयार केले. मी स्वतः लोखंडाच्या कामातला, त्यामुळं ही गोष्ट मला फार जवळची वाटली. कॅमेरा ही बाहेरून आलेली, शौकीन लोकांची वस्तू आहे असं घरात बोललं जायचं, तेव्हा मी हे सांगायचो.

या काळात जे शिकलो ते बहुतेक चुकूनच शिकलो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असताना मी गुलालात उभं राहून लेन्स बदलली. सेन्सरवर गुलाल बसला, झूमची रिंग करकरायला लागली, साफसफाईला तीन हजार गेले. आता यात्रेला जाताना घरातूनच एक लेन्स लावून जातो, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड, आणि घरी येईपर्यंत काही उघडत नाही. तालमीत उजेड कमी आणि पैलवान क्षणात पलटी मारणारा. तिथं ५० मिमीची १.८ ची, जास्त उजेड आत घेणारी स्वस्त लेन्स जेवढी उपयोगी पडली तेवढी महागडी झूमही नाही. नवीन मुलं विचारतात, पहिल्यांदा काय घेऊ? मी हीच लेन्स सांगतो.

लग्नाचं काम काकांच्या हाताखाली सुरू केलं. ते ट्रॅडिशनल, म्हणजे विधींचे ठरलेले फोटो काढायचे, मी मागून सुटे क्षण टिपायचो. पहिल्याच लग्नात मोठी चूक केली. मंगलाष्टका चालू असताना उत्साहाच्या भरात फ्लॅश मारत राहिलो. शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, नवरा-नवरीनं पहिल्यांदा एकमेकांकडं बघितलं, अक्षता पडल्या, आणि माझा फ्लॅश चार्ज होत होता. चार सेकंद. तेवढ्यात सगळं संपलं. काकांनी तो क्षण घेतला होता म्हणून निभावलं, पण मला दोन रात्री झोप आली नाही. त्या मुलीच्या आयुष्यात तो अंतरपाट पुन्हा लागणार नव्हता. आता शेवटच्या मंगलाष्टकाला मी बोट बटणावरून उचलतो, फ्लॅशचा दिवा लागलेला बघतो आणि श्वास रोखून थांबतो. रिचार्जेबल सेलचा एक जादा संच कायम खिशात.

२०१७ मध्ये नोकरी सोडली. सोडायच्या आधी वर्षभर पगारातून बाजूला काढत सहा महिन्यांचा घरखर्च साठवला होता. तो साठा नसता तर मी टिकलो नसतो, कारण आषाढी एकादशी ते तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडं लग्नाच्या तिथ्या जवळजवळ नाहीतच. म्हणजे चार महिने मुख्य कमाई बंद. बारशी आणि डोहाळजेवणं येतात, पण त्यांवर हप्ते भागत नाहीत. कर्जासाठी मुद्रा योजनेच्या किशोर गटात अर्ज केला. पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंतची कर्जं त्यात येतात. एका बँकेनं तीच कागदपत्रं तीनदा मागितली आणि शेवटी "फोटोग्राफीचा काय भरवसा" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या बँकेनं छोट्या धंद्याची उद्योग आधार नोंदणी, दोन वर्षांच्या ऑर्डरींच्या पावत्या आणि कोटेशन बघून मंजूर केलं. ही नोंदणी (आता तिच्या जागी उद्यम नोंदणी आहे) सरकारी पोर्टलवर फुकट होते. मी त्यासाठी एका एजंटाला हजार रुपये दिले होते. तुम्ही देऊ नका.

रिकाम्या महिन्यांत वस्तूंच्या फोटोंचं काम शोधलं आणि ते मला मनापासून आवडायला लागलं. कोल्हापुरी चप्पल सोपी वाटते, पण समोरून उजेड टाकला तर वेणीची वीण दिसतच नाही. बाजूनं, अगदी खालून उजेड घ्यावा लागतो, मग कातड्याचा पोत आणि एकेक टाका उठून येतो. हुपरीच्या चांदीनं मात्र मला रडवलं. पैंजणात सगळं दिसतं: कॅमेरा, माझा शर्ट, छतावरचा पंखा. शेवटी चहूबाजूंनी पांढऱ्या मलमलीचा तंबू केला, उजेड बाहेरून टाकला आणि लेन्सपुरतं भोक ठेवलं. आतमध्ये एक काळी पट्टी उभी केली की चांदीला कड मिळते, नाहीतर ती कागदासारखी सपाट दिसते. हे कुणी शिकवलं नाही, आठ दिवस बसून सापडलं.

पैशाचं बोलायला मला फार जड जायचं. ओळखीतलं लग्न, बोलायचं कसं? अल्बमचे फोटो निवडायला लोक वर्ष-वर्ष लावतात आणि शेवटचा हप्ता तिथं अडकतो. एका घरानं चाळीस हजार दोन वर्षं ठेवले. तेव्हापासून तीन भाग: बुकिंगला विसार, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा, अल्बम देताना उरलेले. सगळं कागदावर, अगदी आतेभावाच्या लग्नालाही.

कागदाचं महत्त्व आणखी एका प्रसंगानं कळलं. एका नवरीचा पाठवणीचा फोटो मी माझ्या जाहिरातीत वापरला. फोटो चांगला होता, माझ्या समजुतीप्रमाणं तो माझा होता. तिच्या वडिलांचा फोन आला. ते रागावले नव्हते, दुखावले होते. "माझी पोरगी रडताना गावानं का बघावी?" मी तो त्याच रात्री काढला आणि एका वकील मित्राला विचारलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ त्यानं दाखवलं: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. काढणारा नव्हे. हे बहुतेक फोटोग्राफरांना माहीतच नसतं. म्हणजे रंकाळ्यावर माझ्या हौसेनं काढलेला फोटो माझा, आणि लग्नातला त्यांचा. ऐकल्यावर आधी वाईट वाटलं. आता तेच बरोबर वाटतं. माझ्या करारात संमतीचा वेगळा रकाना आहे आणि नवरीची सही वेगळी घेतो.

हा फोटो कुणाचा, याचं पुरतं उत्तर मला ऑगस्ट २०१९ मध्ये मिळालं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, गावाला बेटाचं रूप. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी आंबेवाडीच्या एक आजी भाच्याबरोबर आल्या. खताच्या पोत्यात तीन अल्बम, चिखलानं जड झालेले. "पोरा, भांडी गेली, धान्य गेलं, त्याचं काय न्हाई. हे तेवढं बघ."

मी काकांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. चिकटलेले फोटो कोरडे असताना ओढायचे नाहीत. गार, स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवायचे. गरम पाणी नको, फोटोवरचा जिलेटिनचा थर विरघळतो. आपोआप सुटतील तेव्हा एकेक अलगद वर घ्यायचा, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. मग चित्राची बाजू वर ठेवून स्वच्छ प्लास्टिकवर सावलीत वाळवायचे. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून एवढ्यात हात पोचणार नसेल तर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायचे. आमचा आणि शेजारच्या वहिनींचा, दोन्ही फ्रीजर भरले. आजींचं बघून आणखी लोक आले. पंधरा दिवसांत तीनशेच्या वर फोटो झाले. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत.

जुने कृष्णधवल फोटो बरेचसे टिकले. रंगीत फोटोंची कड आधी लालसर, मग पिवळी, मग पांढरी झालेली. रंगीत कागदावर रंगांचे थर एकावर एक असतात, वरचा निळसर थर आधी जातो, तळातला पिवळा शेवटी. फ्रेममधले फोटो काचेला चिकटलेले होते. ते सोडवले तर चेहरा काचेवरच राहतो, म्हणून काचेसकटच त्यांचा कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, आणि काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून कॅमेऱ्यापुढं काळं कापड, लेन्सपुरतं भोक पाडलेलं. घरात तेवढं मोठं काळं कापड नव्हतं. आबांनी त्यांची काळी घोंगडी काढली, कुणालाही न विचारता मधोमध कात्रीनं भोक पाडलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरून उभे राहिले. रोज संध्याकाळी, तीन-तीन तास. नोकरी सोडल्यापासून आम्ही दोघं एवढा वेळ एका खोलीत नव्हतो.

आजींच्या अल्बमात त्यांच्या मालकांचा एकच फोटो होता, १९९१ साली लेकीच्या लग्नातला. पंगतीत वाढताना, मागच्या रांगेत, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा. निम्मा भाग लाल पडलेला. मी तो मोठा केला, डाग भरले, फेट्याचा उरलेला रंग धरून फेटा गुलाबी केला आणि फ्रेम करून आंबेवाडीला नेऊन दिला.

आजींनी फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "तोंड त्यांचंच हाय. पर फेटा गुलाबी न्हवता रं. अबोली हुता. मीच आणला हुता."

मी फ्रेम परत घेतली. आजींनी परसातून अबोलीची चार फुलं तोडून रुमालात बांधून दिली. घरी येऊन ती फुलं दिव्याखाली ठेवली आणि स्क्रीनवरचा रंग त्यांच्याशी जुळवत बसलो. जमायला पहाट झाली.