चिरा भिजला की

कॅलेंडरांवर छापला जाणारा गोवा बहुधा डिसेंबरातला असतो. निळं आभाळ, पांढरीशुभ्र इगर्ज (म्हणजे चर्च), कडेला एक माड. त्यात खोटं काहीच नाही, फक्त त्या उजेडात चिऱ्याची कळा जाते. आणि मला तर फोटो चिऱ्याचाच काढायचा असतो.

चिरा म्हणजे जांभा दगड. देवळांची तळी, इगर्जींच्या भिंती, किल्ल्यांचे बुरूज, शेताचे बांध, घराचं जोतं, सगळं त्याचंच. हिवाळ्यात तो धुळकट तपकिरी असतो. मिरग बरसला की लालभडक होतो, आषाढात काळपट पडतो आणि श्रावणात त्याच्यावर शेवाळाचं मखमली हिरवं चढतं. कोणी विचारतं, तू पक्षी-प्राण्यांचे फोटो काढतोस की जुन्या वास्तूंचे? मला उत्तर सुचत नाही. पावसात भिजलेल्या चिऱ्यावर कॅमेरा रोखून बसलं की दोन्ही आपोआप चौकटीत येतात.

आता पावसात कॅमेरा बाहेर काढायचा म्हणजे खाज हवी. लेन्सला बुरशी धरते. एसीच्या खोलीतून अंगणात आणला की काच धुरकटते आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. ड्राय कॅबिनेट परवडत नव्हतं तोवर माझा कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहायचा. आई त्याला ‘लोणचं’ म्हणायची.

पहिल्या पावसाच्या रात्री सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जावं. चिरेखाणीतून दगड नेऊन झाला की उरलेल्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथे बैलबेडकांचं लग्नघर भरतं. एरवी मातकट दिसणारा नर या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. लाल दगडावर पिवळा बेडूक, याहून भडक रंगसंगती कुठला चित्रकार करायला धजणार नाही. त्याच रात्री टॉर्च घेऊन दुसरी माणसंही फिरत असतात, पोतं घेऊन. कायद्याने बंदी आहे, तरी ‘जंपिंग चिकन’ म्हणून बेडूक खाणारे आहेत तोवर पोतंही आहे. माझ्या टॉर्चकडे ती संशयाने बघतात, मी त्यांच्याकडे.

दोन महिन्यांनी तोच सडा फुलतो. जेमतेम बोटभर माती, तीही भुकेली; म्हणून ‘सीतेची आसवं’ नावाच्या झाडांसारखी झाडं मातीखाली बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. वर इवलं जांभळं फूल, खाली सापळा. त्यांचे फोटो पोटावर पडूनच काढावे लागतात. वरून उभ्याने काढलेला फुलाचा फोटो मला शिष्ट वाटतो.

जुन्या गोव्यात मात्र हा भिजलेला चिरा बघताना मन द्विधा होतं. बॉम जेझूच्या इगर्जीचं काम 1594 मध्ये सुरू झालं, 1605 मध्ये पुरं झालं, आणि साडेतीन शतकं तिच्या अंगावर गिलावा होता. 1950च्या दशकात जुनेपणा खुलून दिसावा म्हणून तो खरवडून काढला. आज जिच्या लाल दर्शनी भिंतीवर आपण सगळे लुब्ध आहोत, ती खरं म्हणजे उघडी पडलेली भिंत आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि झिजतो. गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद चालतो. माझं मत विचाराल तर चढवावा. माझा आवडता फोटो जाईल, जाऊ दे. पलीकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहेच. तिथल्या चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. उरलेल्या उंच कण्यावर पावसाळ्यात गवत उगवतं, आणि भेगांत बसणाऱ्या पारव्यांना ते 1986 पासून जागतिक वारशात राहतात याचं काही नाही.

चिऱ्याच्या राज्यात परका एकच, तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं. हा दगड इथला नव्हेच, घाटापलीकडून आणलेला. देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे हिवाळ्यातल्या सकाळी धुकं वर सरलं की ऊन थेट दारात येतं. तेव्हा तिथे गर्दी असते ती पक्ष्यांसाठी आलेल्यांची, लांबलचक लेन्सा देवळाकडे पाठ करून. पावसाळ्यात तिथे जळवा असतात, माणसं नसतात, आणि ओढ्यावर शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो. मी तेव्हा जातो.

कुशावतीच्या काठावर, पणसायमळला, मामला आणखी मागे जातो. नदीकाठच्या जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं: बैल, हरणं, गव्यासारखी जनावरं, एक मोठं गोल चक्रव्यूह. 1993 मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. काहीजण त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत नेतात. गवा आज गोव्याचा राज्यप्राणी. त्याला टिपायला ज्या माणसाकडे 600 एमएमची लेन्स नव्हती, तो किती जवळ गेला असेल! दुपारी गेलात तर कातळ सपाट दिसतो, काहीच हाती लागत नाही. सकाळची तिरपी उन्हं हवीत, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली भरते आणि बैल उठून उभा राहतो.

आणि मग मे महिना. फोटोवाले या महिन्याला नाकं मुरडतात. मला मात्र तो कुर्डीसाठी हवा असतो. साळावली धरणात बुडालेलं हे गाव पाणी ओसरलं की वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. इथलं महादेवाचं प्राचीन देऊळ एकेक दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. घरांचं तसं कोण करणार? चिऱ्यांची जोती उरलीत, वर वाळलेला भेगाळ चिखल. जुने रहिवासी या दिवसांत इथल्या दुसऱ्या देवळापाशी, कपेलापाशी (छोट्या चर्चपाशी) उत्सवाला जमतात.

अशाच एका मे महिन्यात मी तिथे एका टिटवीच्या मागे होतो. ती एका जोत्यावर उभी राहून माझ्या नावाने शंख करत होती, जवळपास अंडी असणार. लांबून लेन्स लावली तोच छत्री घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

“पुता, त्या सवण्याचो फोटो कित्याक काडटा? हांगा आमची न्हाणी आशिल्ली.”

मग त्यांनी चुलीची जागा दाखवली, मागचं दार दाखवलं, माडाचा थुटका बुंधा दाखवला. नातवंडांना हाका मारून न्हाणीच्या जागी रांगेत उभं केलं, बुटकी पुढे, उंच मागे. टिटवी केव्हाच उडून गेली होती. फोटो काढून झाल्यावर त्यांनी स्क्रीनवर तो नीट बघितला, एका नातवाचे डोळे मिटलेत म्हणून परत काढायला लावला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धाड म्हणून सुनेचा नंबर लिहून दिला.