बेटावरच्या लोकांनी फक्त फॉर्म भरायचे का?

कामानिमित्त मला संशोधनाचे प्रस्ताव वाचावे लागतात आणि हल्ली छोट्या बेटांवरचा प्रस्ताव असला की पहिल्याच पानावर 'कम्युनिटी-लेड' असं हमखास लिहिलेलं असतं, म्हणजे तिथल्या लोकांनीच चालवलेलं संशोधन. छान वाटतं वाचायला. मग पुढे वाचत गेलं की कळतं, प्रश्न आधीच ठरलाय, पद्धत ठरलीय, अ‍ॅपसुद्धा तयार आहे, लोकांनी फक्त रोज सकाळी समुद्रावर जाऊन त्यात आकडे भरायचेत, आणि तेही फुकटात. याला लोकांनी चालवलेलं म्हणायचं तर मग जनगणनेचा फॉर्म भरणारा प्रत्येक माणूस समाजशास्त्रज्ञच झाला की!

माझं म्हणणं साधं आहे. प्रश्न कुणाचा होता, मध्येच 'थांबा' म्हणायचा हक्क कुणाला होता आणि शेवटी ती माहिती कुणाच्या कपाटात जाऊन बसली, एवढं बघा. आकडे कुणी गोळा केले ते त्यानंतर.

आता रापा नुईचंच घ्या, ज्याला आपण ईस्टर आयलंड म्हणतो. डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाहून एक मोठी वैद्यकीय मोहीम नौदलाच्या जहाजातून तिथे जाऊन पोचली. बेटावर विमानतळ होणार होता, तो झाला की बाहेरचं जग आत शिरणार, म्हणून त्याच्या आत या एकाकी राहिलेल्या लोकांचा अभ्यास उरकून घ्यायचा असा बेत. हजाराच्या आसपास वस्ती. लोकांना तपासलं, रक्ताचे नमुने घेतले, बेटभर फिरून मातीचे नमुने घेतले आणि दोनेक महिन्यांत सगळे परत. गंमत (खरं तर गंमत कसली) अशी की नेमक्या त्याच दिवसांत बेटावर वेगळंच काहीतरी पेटलेलं होतं. बेट चिलीच्या ताब्यात, कारभार चिलीच्या नौदलाचा, तिथल्या लोकांना मताचा हक्कसुद्धा नाही, आणि आल्फोन्सो रापू नावाच्या विशीतल्या शिक्षकाच्या मागे लोक उभे राहिले होते. पूर्ण नागरिकत्व मिळायला १९६६ उजाडलं. म्हणजे आलेल्यांचा प्रश्न होता 'तुमच्या रक्तात काय आहे' आणि लोकांचा प्रश्न होता 'आम्हाला मत का नाही', आणि दोन्ही प्रश्न त्याच चिमुकल्या बेटावर, त्याच आठवड्यांत!

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या मातीतल्या एका जिवाणूतून १९७२ मध्ये माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेन सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅपामायसिन नावाचं औषध वेगळं काढलं. मधे कंपनीने ते काम गुंडाळलं तेव्हा सहगल यांनी तो जिवाणू चक्क घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता, हा किस्सा मला फार आवडतो, माणूस खरंच चिवट. १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी बदललेल्या पेशंटसाठी त्या औषधाला मान्यता मिळाली, नंतर कॅन्सरपासून म्हातारपणापर्यंत कशाकशावर त्याचा अभ्यास झाला, पैसाही बक्कळ झाला. बेटाच्या वाट्याला काय आलं? काही नाही. यात कुणी खलनायक होता असं मी म्हणत नाहीये, त्या काळात असा वाटा द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, पण ज्यांच्या पायाखालची माती नेली त्यांना कुणी काही विचारलं नाही, हे तर खरंच ना.

मार्शल बेटांमधल्या राँगेलापची गोष्ट त्याहून वाईट आहे, ती थोडक्यातच सांगते. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने जवळच्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि किरणोत्सारी राख राँगेलापच्या लोकांच्या अंगावर पडली. त्यांना दोन दिवसांनी हलवलं आणि लगेच त्यांच्यावर गुप्त अभ्यास सुरू केला, प्रकल्प ४.१ नावाचा. १९५७ मध्ये सुरक्षित आहे म्हणून परत बेटावर नेऊन सोडलं, मग दरवर्षी डॉक्टर यायचे, तपासायचे, रक्त घ्यायचे आणि जायचे. बायका सांगत होत्या की गर्भ टिकत नाहीत, मुलं धड जन्माला येत नाहीत, थायरॉइडच्या गाठी तर उघड दिसत होत्या. पण ते पडलं 'लोकांचं म्हणणं', डेटा नव्हे. शेवटी १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच ठरवलं की इथे राहायचं नाही, सरकार हलवायला तयार नाही म्हणून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचं जहाज मागवलं आणि तीनशेच्या वर माणसं घरांच्या लाकूडपत्र्यासकट बेट सोडून गेली. आता मला सांगा, वर्षानुवर्षं बघून, ताडून, एकमेकींशी बोलून बायकांनी काढलेला निष्कर्ष हे संशोधन नाही तर काय?

बरं, आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसती रडगाणी गाते.

फिजीतलं उथुनिवानुआ हे व्हेराटा भागातलं एक गाव. (बेट म्हणाल तर व्हिटी लेवू, तसं मोठं आहे, पण गाव लहानच.) त्यांच्याकडे काईकोसो नावाचे शिंपले मिळतात, खायला आणि विकायला तेच. नव्वदच्या दशकात ते मिळेनासे झाले, मिळाले तरी बारके, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा शिंपला दिसणं मुश्कील. गावकऱ्यांनी साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या लोकांबरोबर बसून चर्चा केली आणि १९९७ मध्ये गावासमोरचा चोवीस हेक्टरचा चिखलाचा आणि समुद्री गवताचा पट्टा तीन वर्षं बंद केला. असा भाग बंद ठेवायची त्यांची जुनी पद्धत होतीच, तांबू म्हणतात, त्यामुळे नियम कुणी बाहेरून लादलाय असं झालं नाही. नवीन काय, तर मोजणी. गावातल्याच बायका-पुरुषांची टीम, किनाऱ्यापासून आत सरळ रेषेत दोरी टाकायची, ठराविक अंतरावर थांबायचं, चिखलातले शिंपले मोजायचे, लिहायचं. आणि मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट, त्यांनी बंद पट्ट्याच्या बाहेरही तश्शीच मोजणी केली, म्हणजे जिथे तांबू नाही तिथे काय होतंय ते कळावं. तुलनेसाठी दुसरी जागा ठेवायची ही अक्कल भल्याभल्या प्रस्तावांत नसते हो! काही वर्षांत बंद पट्ट्यात आठ सेंटिमीटरच्या वरचे शिंपले सर्रास मिळायला लागले, बाहेरसुद्धा वाढले, आणि तीन वर्षांची बंदी गावानेच पुढे चालू ठेवली. स्वतःच्या हाताने मोजलेलं असलं की सभेत वाद घालायला जागाच उरत नाही, म्हणजे उरते, पण कमी.

स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटावरचं उदाहरण बरंच गाजलेलं आहे. किनाऱ्यापासून तीन मैलांत ट्रॉलरना असलेली बंदी १९८४ मध्ये उठली आणि पुढच्या काही वर्षांत मासे गेले. हॉवर्ड वूड आणि डॉन मॅकनीश हे दोघं हौशी डायव्हर, पाण्याखाली काय उजाड होतंय ते डोळ्यांनी बघत होते. १९९५ मध्ये कोस्ट नावाची संस्था काढली आणि लॅमलॅश खाडीत मासेमारी पूर्ण बंद असलेला एक छोटा भाग मिळवायला २००८ उजाडलं. तेरा वर्षं! तेव्हा कुठे पावणेतीन चौरस किलोमीटरसुद्धा नाही इतका तुकडा हाती आला. त्यानंतर यॉर्क विद्यापीठाचे संशोधक तिथे अभ्यासाला आले, म्हणजे क्रम बघा, आधी बेटावरच्या लोकांचा प्रश्न आणि मग विद्यापीठ.

पण मला खरं कौतुक आहे ते पॅसिफिकमधल्या व्हानुआटूचं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, ऐंशीच्या वर बेटं, शंभराच्या वर भाषा, म्हणजे मानववंशशास्त्रज्ञांना मेजवानीच. आणि या लोकांनी १९८५ मध्ये काय करावं, तर परदेशी संशोधकांना संस्कृती, समाज वगैरे विषयांवर काम करायला चक्क बंदी घातली! १९९४ पर्यंत. तोवर तिथल्या सांस्कृतिक केंद्राने गावोगावच्या माणसांनाच शिकवून तयार केलं, त्यांना फील्डवर्कर म्हणतात. हे स्वयंसेवक आपापल्या बेटावर वर्षभर आपल्याच भाषेत एखाद्या विषयाची माहिती गोळा करतात आणि वर्षातून एकदा राजधानीत पोर्ट व्हिलाला जमून एकमेकांसमोर मांडतात. आधी सगळे पुरुषच होते, मग बायकांचा वेगळा गट १९९४ पासून सुरू झाला, कारण बऱ्याच गोष्टी बायका पुरुषांना सांगणारच नाहीत, ते साहजिकच आहे. बंदी उठल्यावरही परदेशी संशोधकाला नियम आहेत, काम करायचं तर स्थानिक माणसाला शिकवायचं, गावाला लगेच उपयोगी पडेल असं काहीतरी करून द्यायचं आणि जमवलेल्या सगळ्याची प्रत तिथे ठेवायची.

आणि त्या केंद्रात एक बंद खोली आहे. फील्डवर्करांनी आणलेल्या ज्या टेप्स, फोटो, वंशावळ्या सगळ्यांनी बघायच्या नाहीत त्या तिथे ठेवतात, कोण बघू शकेल हे देणाऱ्यानेच ठरवायचं. आमच्याकडे येणाऱ्या प्रस्तावांना मात्र निधी देणारे हल्ली अट घालतात की सगळा डेटा खुला करा, इंटरनेटवर टाका, जगाला बघू दे. मीही वर्षानुवर्षं खुल्या डेटाच्या बाजूने तावातावाने बोलत आलेय, आणि विद्यापीठांच्या, सरकारांच्या डेटाबद्दल अजून तसंच म्हणेन. पण तो नियम बेटावरच्या माणसाच्या आज्याने सांगितलेल्या मंत्राला कसा लावायचा?

छोट्या बेटावर तर साधं नाव लपवणंसुद्धा जमत नाही. रिपोर्टमध्ये 'साठीच्या पुढची एक शिक्षिका' असं लिहिलं की झालं, सगळ्या बेटाला कळलं कोण ते, कारण शिक्षिका एकच आहे. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांच्या मधे फेअर आइल आहे, तिथे माणसं पन्नासच्या आसपास. तिथे १९४८ पासून पक्षी मोजायचं केंद्र आहे आणि आजूबाजूच्या समुद्रासाठी संशोधनाचं संरक्षित क्षेत्र हवं हा प्रस्तावही बेटवासीयांचाच, २०१६ मध्ये तो मंजूर झाला. पण अशा ठिकाणी टक्केवारीत काही सांगायला गेलात तर एक माणूस म्हणजे दोन टक्के, पाच जणांचं एक कुटुंब बेट सोडून गेलं की तुमचे दहा टक्के उडाले.

आणखी एक गोष्ट कुणी फारसं लिहीत नाही. 'समुदाय' म्हणजे काय एकजीव थोडाच असतो! ज्याची बोट मोठी त्याचा प्रश्न वेगळा, जी बाई ओहोटीला चिखलात शिंपले वेचते तिचा वेगळा, आणि प्रमुखाच्या घरातल्याचा तर वेगळाच. बाहेरचा संशोधक येतो, सभेत जे चारपाच जण बोलतात त्यांचं लिहून घेतो आणि 'समुदायाचं मत' म्हणून छापतो. शिवाय तेच चारपाच जण शाळेच्या समितीवर, तेच धक्क्याच्या समितीवर, आता मासे मोजायच्या समितीवरही तेच, मग तिसऱ्या वर्षी कंटाळून वही बंद पडते आणि रिपोर्टमध्ये येतं 'सहभाग कमी झाला'. अहो, पैसे द्या ना त्यांना! प्रोफेसरचा विमानप्रवास बजेटमध्ये बसतो आणि दोरी धरून तीन तास गुडघाभर चिखलात उभी राहणारी बाई मात्र 'स्वयंसेवक', हे मला कधीच पटलेलं नाही.

वेळेचंही तेच रडगाणं. ग्रँट तीन वर्षांची आणि अंड्यातून निघालेलं हिरवं कासव अंडी घालायला परत यायला वीसतीस वर्षं लागतात. व्हानुआटूमध्येच वान स्मॉलबॅग नावाची नाटकमंडळी आहे, त्यांनी १९९५ मध्ये कासवांवर नाटक बसवून गावोगावी प्रयोग केले. प्रयोग बघून काही गावांनी आपापला एकेक माणूस कासवांवर लक्ष ठेवायला नेमला, हळूहळू त्याचं जाळं देशभर पसरलं, आणि लोक कासवांच्या पायात टॅग घालायला, नोंदी ठेवायला शिकले. पुढे या लोकांनी स्वतःच म्हटलं की नुसती कासवं का, आमची जमीन, आमचा किनारा याकडेही आम्हीच बघणार. झालं, संघटनेचं नावसुद्धा बदललं आणि कामही वाढलं, आणि यातलं काहीही सुरुवातीला कुणी कुठल्या प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं.