आधी आवाज बंद, वाद नंतर : तेलशोधाच्या जहाजावरचा माझा अनुभव

माझा अर्ज पहिल्यांदा परत आला तो गुणपत्रिकेमुळे. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या शोधासाठी सर्वेक्षण करणाऱ्या जहाजावर संरक्षित प्राण्यांचा निरीक्षक म्हणून काम करायचे असेल, तर अमेरिकेच्या नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिस या केंद्रीय यंत्रणेची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेसाठी विज्ञानाची पदवी, जीवशास्त्राची किमान ३० क्रेडिट्स आणि गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा निदान एक अभ्यासक्रम दाखवावा लागतो. मी २००९ साली प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तेव्हा आमच्याकडे वार्षिक परीक्षा होत असत आणि गुणपत्रिकेवर पेपर एक, पेपर दोन, प्रात्यक्षिक आणि एकूण गुण एवढेच छापलेले असे. क्रेडिट नावाचा रकानाच नव्हता. निरीक्षक पुरवणाऱ्या ज्या कंपनीकडे मी अर्ज केला होता, तिने दोन ओळींचे पत्र पाठवून मी अपात्र असल्याचे कळवले. पुढे त्या गुणपत्रिकांचे अधिकृत मूल्यमापन करून घेणे, त्यासाठी विद्यापीठाकडून जुना अभ्यासक्रम शिक्क्यासह मागवणे आणि माझ्या धाकट्या भावाने त्यासाठी तीन वेळा रजा काढून खिडकीसमोर उभे राहणे, यात पाच महिने गेले. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी सर्वांत आधी हा कागद तयार ठेवावा. बाकीचे सारे त्यामानाने सोपे आहे.

हे काम मला का करावेसे वाटले, ते मात्र ह्यूस्टनमध्ये ठरले नाही. २०१६ च्या जानेवारी महिन्यात जुहूच्या किनाऱ्यावर एक ब्राइड्स देवमासा मृतावस्थेत वाहून आला होता. मी तेव्हा मुंबईत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. त्या प्राण्याच्या घशाखालच्या लांब घड्या मी पुस्तकातल्या आकृतीवरून अनेकदा फळ्यावर काढल्या होत्या. प्रत्यक्षात त्या वाळूने भरलेल्या होत्या आणि भोवती गर्दी फोटो काढत होती. तो कशाने मेला असावा, असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. लग्नानंतर टेक्सासला आले आणि ग्रीन कार्ड हाती पडले, तेव्हा पहिला शोध मी या कामाचा घेतला.

मुळात हे काम निर्माण झाले आहे ते कायद्यातल्या एका शब्दामुळे. अमेरिकेचा समुद्री सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच वर्षीचा आहे. त्यात प्राण्याला मारणे किंवा पकडणे याबरोबर त्याला त्रास देणे हेही 'टेक' या एकाच शब्दात येते आणि त्यावर सरसकट बंदी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने या त्रासाच्या दोन पातळ्या केल्या: ज्याने इजा होऊ शकते तो 'अ' पातळीचा, आणि ज्याने स्थलांतर, श्वसन, पिलाला पाजणे, प्रजनन, भक्ष्य मिळवणे किंवा आसरा घेणे यात व्यत्यय येऊ शकतो तो 'ब' पातळीचा. तेलशोधाची जहाजे एअरगन ओढत नेतात आणि त्या दर दहा-पंधरा सेकंदांनी दाबलेली हवा पाण्यात सोडून स्फोटासारखा आवाज करतात. समुद्रतळाखालच्या थरांवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तेल कुठे असेल याचा नकाशा तयार होतो. जे प्राणी आवाजानेच पाहतात, आवाजानेच एकमेकांना शोधतात, त्यांना याचा त्रास होणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून कायद्याने एक वाट ठेवली आहे. प्राण्यांच्या जातीवर होणारा परिणाम नगण्य असेल आणि त्रास होणाऱ्या प्राण्यांची संख्या अल्प असेल, तर नियमावली करून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी परवानगी देता येते. आखातातल्या सर्वेक्षणांसाठी अशी नियमावली १९ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. तिच्याखाली प्रत्येक सर्वेक्षणाला वेगळे परवानगीपत्र घ्यावे लागते आणि त्यातल्या अटींची अंमलबजावणी जहाजावर निरीक्षकाकडून होते.

प्रशिक्षणात सर्वांत अवघड होते अंतर मोजणे. समुद्रावर काहीच मोजमापाला लावता येत नाही. ना झाड, ना खांब. दुर्बिणीच्या आत एक बारीक मोजपट्टी कोरलेली असते. तिचे वरचे टोक क्षितिजावर टेकवायचे, प्राणी त्याखाली कितव्या रेषेवर आहे ते वाचायचे आणि आपण पाण्यापासून किती उंच उभे आहोत त्याप्रमाणे तक्त्यावरून अंतर काढायचे. १२ मीटर उंचीवरून पाहताना पाचवी रेषा म्हणजे सुमारे ४५० मीटर. जहाज हलत असताना, डोळ्यांत ऊन येत असताना, दोन सेकंदांत हे वाचता आले पाहिजे. लेखी परीक्षेत ८० टक्के गुण लागतात, ते मिळाले. मग माझी माहिती मान्यता देणाऱ्या त्याच नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिसकडे गेली. पात्र उमेदवाराबद्दल एका आठवड्यात निर्णय द्यावा असे तिच्यावर बंधन आहे, आणि इतक्या महिन्यांच्या खटपटीनंतर तो आठवडा खरोखरच सात दिवसांचा निघाला. वैद्यकीय तपासणी, बंदरात प्रवेशासाठीचे ओळखपत्र, आणि बुडत्या हेलिकॉप्टरमधून उलटे लटकून बाहेर पडण्याचा सराव हे त्यानंतर उरकले.

लुइझियानातल्या पोर्ट फोर्शनहून आम्ही निघालो. पहिल्या रात्री मी परवानगीपत्र वाचत बसले. त्यात जातीगणिक आकडे असतात: या सर्वेक्षणात इतक्या स्पर्म व्हेलना, इतक्या डॉल्फिनना त्रास होईल असे गृहीत धरून परवानगी दिली आहे. हे आकडे ध्वनीच्या प्रसाराची प्रतिमाने आणि प्राण्यांच्या घनतेचे नकाशे एकमेकांवर ठेवून काढतात. २०२१ च्या नियमावलीमागच्या अंदाजांतच चूक असल्याचे पहिली परवानगीपत्रे देताना लक्षात आले आणि २०२४ मध्ये नियमावली सुधारावी लागली. चूक उघडपणे मान्य करून आकडे पुन्हा मांडले गेले, याचे मला समाधान वाटते. पण आकडा कितीही काळजीने काढला तरी तो समुद्रात शिरण्यापूर्वीचा असतो. समुद्रात शिरल्यावर उरतात ते आम्ही: दिवसा डोळ्यांनी पाहणारे किमान दोन निरीक्षक आणि चोवीस तास हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कान लावून बसलेला एक. सलग चार तासांहून जास्त पाळी नाही आणि दिवसाला १२ तासांहून जास्त निरीक्षण नाही, कारण थकलेल्या डोळ्याला लाट आणि पाठ यांतला फरक कळत नाही.

एअरगन सुरू करण्यापूर्वी ३० मिनिटे समुद्र न्याहाळायचा. काही दिसले नाही, ऐकू आले नाही, तर सर्वांत लहान एकच गन सुरू करायची आणि मग टप्प्याटप्प्याने त्यांची संख्या दुप्पट करत न्यायची. या चढत्या सुरुवातीला किमान २० मिनिटे लागतात. जवळपास कोणी असेल तर त्याला दूर जाण्यासाठी दिलेला तो वेळ असतो. त्यानंतर ५०० मीटरच्या आत देवमासा आला की सगळे बंद. चोचवाल्या देवमाशांसारख्या बुजऱ्या जातींसाठी हेच अंतर १,५०० मीटर आहे. लहान डॉल्फिन मात्र याला अपवाद आहेत, कारण ते जहाजाच्या नाळेसमोरच्या, म्हणजे पुढच्या टोकासमोरच्या, लाटेवर खेळायला आपणहून येतात. पहिल्या दिवशी आवाज चालू असताना ते समोर उड्या मारताना पाहिले तेव्हा मला हा अपवाद बोचला, आणि तो पुरता पटला आहे असे मी आजही म्हणणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी, मिसिसिपी कॅन्यन या समुद्रतळावरच्या दरीच्या परिसरात, हायड्रोफोनवरच्या सहकाऱ्याने कळवले की घड्याळासारखी टकटक ऐकू येत होती ती थांबली आहे. स्पर्म व्हेल खोल पाण्यात भक्ष्य शोधताना अशी टकटक करतो आणि वर येताना गप्प होतो. आपल्याकडे 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या ज्या बातम्या कोकणातून येतात, ती याच प्राण्याची. मी डाव्या बाजूला मागे दुर्बीण वळवली आणि काही मिनिटांत फवारा दिसला. इतर देवमाशांचा फवारा सरळ वर जातो. याच्या डोक्यावरचे श्वासरंध्र टोकाला आणि डावीकडे असते, म्हणून फवारा पुढे आणि डावीकडे कलतो. खाली सुरकुतलेली, भिजलेल्या लाकडासारखी तपकिरी पाठ होती. प्राणी साडेतीन रेषांच्या किंचित खाली, म्हणजे जहाजापासून सुमारे ६०० मीटरवर होता.

येथे माझी खरी परीक्षा झाली. अंतर मोजायचे ते जहाजापासून नव्हे, एअरगनपासून. आणि एअरगन आमच्या २०० मीटर मागे होत्या. प्राणी तिरका मागे होता, म्हणजे आमच्यापेक्षा गनच्या जवळ. किती जवळ, हे कागदावर मांडायला वेळ नव्हता. मी रेडिओवर बंद करण्यास सांगितले. पुढचा ठोका पडला नाही. गेले कित्येक तास जहाजाच्या तळातून जाणवणारा तो धक्का थांबला की किती शांतता होते, ते मला तेव्हा समजले.

दोन मिनिटांत सर्वेक्षणाचा एक वरिष्ठ अधिकारी वर आला. "सहाशे मीटर म्हणालात ना? मग बंद कशाला?" हा त्याचा प्रश्न होता. तो उद्धट नव्हता. जहाजाने सरळ जात मोजायची त्याची एक रेघ अर्धवट राहिली होती आणि ती पूर्ण करायला जहाज कित्येक तास वळवून आणावे लागणार होते. माझ्या मदतीला नियमावलीतले एक वाक्य आले, जे प्रशिक्षणात आमच्याकडून पाठ करून घेतले होते: निरीक्षकाने सांगताच ध्वनी ताबडतोब बंद करायचा आणि मतभेद असतील तर ते बंद केल्यानंतरच सोडवायचे. मग आम्ही दोघांनी मिळून कागदावर आकृती काढली. प्राणी डाव्या बाजूला, नाळेपासून १३५ अंशांवर, ६०० मीटर. गन मागे २०० मीटर. उत्तर ४८० आले. त्याने मान डोलावली, पण जाता जाता नोंदीत 'सुमारे ५००' असे लिहिता येईल का, असेही विचारले. मी ४८० लिहिले, खाली आकृती जोडली आणि आमच्या मुख्य निरीक्षकबाईंनी त्यावर सही केली. कायद्याचे पन्नास वर्षांचे बळ त्या सकाळी एका नवख्या बाईच्या एका वाक्यामागे उभे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो अधिकार कागदावर नसता, तर माझ्या तक्त्यातल्या रेषांना कोणी विचारले नसते.

देवमाशाने काही श्वास घेतले, पाठ उंचावली, शेपटीचा त्रिकोण उभा केला आणि तो सरळ खाली गेला. शेवटचे दिसल्यापासून ३० मिनिटे थांबून, चढत्या पद्धतीने पुन्हा सुरुवात करता येते. याबद्दल मला एक म्हणायचे आहे. स्पर्म व्हेल एका बुडीत पाऊण तास सहज पाण्याखाली राहतो, म्हणजे ही मुदत त्याच्या एका श्वासापेक्षाही लहान आहे. साडेचार नॉटच्या वेगाने जहाज अर्ध्या तासात चार किलोमीटर पुढे गेलेले असते, म्हणून ती चालवून घेता येते. पण चोचवाल्या देवमाशांच्या बाबतीत माझा डोळा पुरेसा नाही हे मी नि:संकोच सांगते. त्यांच्यातल्या क्युव्हिए जातीच्या एका प्राण्याची बुडी २२२ मिनिटांची नोंदली गेली आहे. 'दिसला नाही' असे मी लिहिते, तेव्हा 'नव्हता' असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

जो प्राणी शोधायला मी रोज दुर्बीण उचलत असे तो मला आजवर दिसलेला नाही. आखातातला राइस देवमासा २०२१ पर्यंत ब्राइड्स देवमाशातच धरला जाई. त्या वर्षी ती स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध झाले. जगात तो फक्त या आखातात आहे आणि त्याची संख्या शंभराच्या आत, बहुधा ५० च्या आसपास आहे. २०१० च्या डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहीर खोदणाऱ्या मंचाच्या दुर्घटनेत ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल वाहत राहिले, आणि नंतरच्या शासकीय मूल्यमापनात या देवमाशांची संख्या २२ टक्क्यांपर्यंत घटल्याचा अंदाज निघाला. तो मुख्यतः आखाताच्या ईशान्य भागात राहतो, पण हायड्रोफोनवर त्याचा आवाज पश्चिमेकडेही, म्हणजे आम्ही फिरतो त्या बाजूलाही ऐकू आला आहे. जुहूच्या वाळूतल्या त्या देवमाशाचा हा अगदी जवळचा नातलग.

आपल्याकडेही देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत, आणि मुंबई हायचे तेल १९७६ पासून वर येते आहे. पण २०२० च्या जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधकामाला पर्यावरणीय परवानगीच्या अशा गटात टाकले की त्यासाठी परिणामांचा सविस्तर अहवालही लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. आखातात रेडिओ हातात धरून उभी असताना मला याची आठवण होते आणि मनापासून वाईट वाटते, कारण आपल्या किनाऱ्यावर दुर्बिणीतली रेष वाचू शकणारी मुले खूप आहेत. वरिष्ठ अधिकाऱ्याला थांबवणारे ते एक वाक्य त्यांच्यामागे नाही.

समुद्रावरचे ९० दिवस पूर्ण झाले की निरीक्षक अनुभवी गणला जातो. माझे ते तिसऱ्या फेरीत पूर्ण झाले. त्या फेरीत ओरेगनहून आलेला एक नवा मुलगा माझ्याबरोबर पाळीला होता. जहाजावर गन मागे १८० मीटरवर होत्या, म्हणून पहिल्या संध्याकाळी आम्ही नवा तक्ता मांडायला बसलो: प्रत्येक कोनाला, प्रत्येक रेषेला, गनपासूनचे अंतर. तो सकाळपर्यंत तयार करून, प्लास्टिकमध्ये घालून, डेकच्या कठड्याला चिकटपट्टीने लावला आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पाळी सुरू केली.