काकांचे थेंब

योगवर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. साठीतले एक काका कोपऱ्यात बसून डोळ्यांत थेंब घालत होते. थेंब घालून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि नाकाकडचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले, चांगली दोन मिनिटं. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब घालणारे सहसा असं करत नाहीत. औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरू नये म्हणून काचबिंदूच्या रुग्णांना हे मुद्दाम शिकवतात.

"काका, काचबिंदू आहे का?"

"हो, दोन वर्षं झाली. पण त्रास काही नाही."

फॉर्मवर 'आजार : नाही' असं त्यांच्याच अक्षरात होतं. दुखत नाही, खुपत नाही, मग आजार कसला? डॉक्टरांनाही त्यांनी 'योगासनं करतो' एवढंच सांगितलेलं. घरी रोज पाच मिनिटं शीर्षासन चालतं, हा विषय तिथे निघालाच नव्हता.

डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो. खाली आल्यावर काही मिनिटांत पूर्ववत होतो, म्हणून दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजला तर आकडा चांगलाच येणार. काचबिंदूत दृष्टीची नस आधीच नाजूक झालेली असते आणि गेलेली नजर परत येत नाही. 'मला तर काहीच जाणवत नाही' या शब्दावर इथे अजिबात विसंबू नये. हा दाब वाढताना बहुधा जाणवतच नाही.

नुसतं शीर्षासन बंद करून भागत नाही. सर्वांगासन, हलासन, विपरीत करणी तर आलीच, पण अधोमुख श्वानासन आणि उत्तानासन या डोकं खाली जाणाऱ्या रोजच्या आसनांतही दाब वाढतो. ही दोन्ही सूर्यनमस्कारात येतात, पण तो घालणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. त्या दिवशी काकांचा सूर्यनमस्कार भिंतीपाशी नेला. तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, एकेक पाऊल मागे घ्यायचं, गुडघे किंचित सैल, कंबर मागे ओढायची आणि पाठ सरळ. डोकं कमरेच्या खाली उतरायला लागलं की तिथेच थांबायचं. पाठीला आणि मांडीच्या मागे ताण मिळतो, तेवढा पुरे. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्यानेही दाब चढतो. म्हणून कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, बंद. शवासनात खांद्यांपासून डोक्यापर्यंत खाली घडी घातलेलं ब्लँकेट.

वृक्षासनात आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या बाजूने कुणी गेलं की काका दचकत आणि तोल जाई. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, आणि तोल सांभाळायला आपण तिचा किती आधार घेतो हे ती गेल्यावरच कळतं. त्यांची चटई डाव्या भिंतीलगत हलवली. सूचना समोर उभं राहून द्यायची, न बोलता बाजूने हात लावायचा नाही, हेही ठरलं.

काकांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि पहिल्यांदाच आसनांची नावं घेऊन विचारलं. डोकं खाली जाणारं सगळं बंद करा, चालणं आणि उभ्याची आसनं चालू ठेवा, असं उत्तर आलं.

फॉर्मवरचा 'आजार' हा रकाना आता दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : रोज कोणतं औषध घेता? गोळी, थेंब, मलम, इंजेक्शन, फवारा, सगळं लिहा.